आम्ही पाच नंबरवाले

आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली एक डीव्हीडी प्लेअर आहे, चंदेरी रंगाचा, कंपनीचं नाव पुसून गेलंय (खरं म्हणजे नाव घ्यावं अशी कंपनी कधी नव्हतीच). दर दिवाळीला साफसफाई काढली की मुलगा म्हणतो आई हे भंगारात देऊया, आणि दर दिवाळीला मामंजी आतल्या खोलीतनं ओरडतात, "माझं मशीन हाय ते, ऱ्हाऊ दे तिथंच!" कान गेलेत म्हणतात, पण हे एवढं बरोबर ऐकू येतं.

गोष्ट 2011 ची. माझी मोठी नणंद लीड्सला असते, ती मे महिन्यात आली. जाताना कुंदा आणि मांडे भरून न्यायचे असतात म्हणून येताना बॅग अर्धी रिकामीच असते तिची, पण त्यावेळी तळाला टॉवेलात गुंडाळून एक जाडजूड पेटी आणलेली, 'द ज्वेल इन द क्राऊन'. इंग्लंडच्या ग्रेनाडा टेलिव्हिजनची 1984 सालची सिरीयल, 14 भाग, पॉल स्कॉटच्या चार कादंबऱ्यांवरनं केलेली, 1942 पासून इंग्रज जाईपर्यंतचा काळ. मामंजी इथल्या बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमधनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले, त्यामुळं फौज आणि साहेब म्हटलं की यांचे डोळे लकाकतात हे वन्संना माहीत. वन्सं म्हणाल्या, बाबा, तुमच्यासाठी खास आणलंय, आज रात्रीपासनं सुरू करा.

जेवणं झाली, मामंजी खुर्ची पुढं ओढून बसले, मी डिस्क घातली. तेव्हा आमच्याकडं खडेबाजारातनं घेतलेला चांगला नावाजलेला प्लेअर होता, बिल-वॉरंटीसकट. घुर्र घुर्र झालं, निळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की रीजन चुकीचा आहे. पुसून घातली, उलटी घातली (हो, उलटीसुद्धा), परत तेच.

"काय म्हणतंय गं?"

"मामा, ही डिस्क इथली नाही म्हणतंय."

"मग कुठली?"

"इंग्लंडची."

"आणि शूटिंग कुठं झालंय म्हणालीस?"

वन्संनी पेटी उलटसुलट करून वाचून दाखवलं, उदयपूर, सिमला, म्हैसूर.

"म्हैसूर! मग इथलीच की!"

याला काय उत्तर देणार सांगा.

तर भानगड अशी आहे की डीव्हीडी निघाली तेव्हा सिनेमा कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडले. अमेरिका आणि कॅनडा 1 नंबर. युरोप, जपान, आखाती देश 2. कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया 3, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका 4, चीन एकटा 6. आणि आपण 5, आपल्यासोबत रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग. डिस्कवर नंबर, प्लेअरमध्ये नंबर, दोन्ही जुळले तर चित्र नाहीतर निळा पडदा. म्हणणं असं की सिनेमा अमेरिकेत आधी लागतो, बाकीकडं नंतर, मध्येच तिकडची डिस्क इकडं येऊन धंदा बुडू नये. नव्या सिनेमाचं एकवेळ समजलं, पण 1984 ची सिरीयल 2011 साली बघताना कुणाचा कसला धंदा बुडणार होता? हक्क देशागणिक वेगवेगळे विकलेले असतात ते खरं, पण इथं कुणी विकायला आणलेलीच नव्हती की! आणि आम्हा बेळगाववाल्यांना तर याचं जास्तच हसू येतं, आम्ही कुठल्या राज्यातले याची केस 2004 पासनं सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि या लोकांनी काही न विचारता आम्हाला रशियाबरोबर पाच नंबरात घालून टाकलं.

तसं टीव्हीपुढं बसून हद्दीची चरफड करायची आम्हाला सवय लहानपणापासनंच. माझं माहेर निपाणी. मराठी कार्यक्रम दिसावा म्हणून बाबा गच्चीवर अँटेना फिरवत बसायचे, भाऊ जिन्यात उभा, मी टीव्हीपुढं, "आलं का?" "मुंग्या आल्या!" "आता?" "आवाज आला, चित्र गेलं!" असं करत करत कार्यक्रम संपायचा.

असो. दुसऱ्या दिवशी आमचे हे बिल घेऊन दुकानात गेले. पोरानं डिस्क हातात घेतली, मागं बघितलं, पुढं बघितलं आणि म्हणाला, "आगंगिल्ल री." होणार नाही म्हणजे नाही. मग नेटवर शोधलं तर कुणीतरी लिहिलेलं की ट्रे उघडा, रिमोटवर अमुक आकडे दाबा, प्लेअर सगळ्या रीजनचा होतो. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे. हे दोन रात्री आकडे दाबत बसले, शेवटी मेनू चिनी भाषेत गेला आणि तो परत इंग्रजीत आणायला आणखी एक रात्र गेली.

लॅपटॉपवर चालली असती, आणि चाललीही, पण त्यातही गंमत आहे. कॉम्प्युटरच्या ड्राईव्हचा रीजन पाचवेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवला तो कायमचा, आयुष्यभर तिथलेच नागरिक. आमच्या मुलानं उत्साहाच्या भरात एका दुपारी तीन बदल संपवले. आणि मामंजी पंधरा इंचांकडं बघून म्हणाले, "हे काय, पासपोर्ट फोटो बघायचा काय मी?"

शेवटी भावजी कोल्हापूरहून आले ते हा चंदेरी डबा घेऊनच, बाराशे रुपये. वॉरंटी? "दुकानाच्या पायरीपर्यंत", भावजी म्हणाले. लावला, डिस्क घातली, आणि एक शब्द न विचारता चित्र सुरू! स्वस्तातले हे प्लेअर सगळ्या जगात तोच एक माल म्हणून खपवायचे असतात, त्यामुळं रीजनचं कुलूप उघडंच ठेवलेलं असतं. कंपनीचा माल कायदा पाळणारा, हा डबा गावभर ओळख असणारा. तेव्हापासनं तो मामंजींचं मशीन झाला.

चौदा भाग आम्ही तीन आठवड्यात बघितले. इंग्रजांचं इंग्रजी मामंजींना अर्धंमुर्धं कळायचं, त्यामुळं दर पाच मिनिटांनी थांबवून मी मराठीत सांगायचे, मग ते "पुढं" म्हणायचे. त्यात एक हरी कुमार आहे, आर्ट मलिकनं केलाय. जन्मानं इथला पण वाढला इंग्लंडात, तिथल्या भारी शाळेत शिकला आणि बापाचा पैसा बुडाल्यावर परत आला, तर धड हिंदी येत नाही, आणि इंग्रज दारात उभं करत नाहीत. मामंजी त्याच्याकडं बघून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "याला कुठल्या शाळेत घालायला पायजे हुतं ते कुणी ठरवलंच न्हाई." आमच्या गल्लीत कन्नड, मराठी की इंग्लिश मीडियम यावरनं घराघरात झालेली भांडणं आठवली मला. आणि झोहरा सेहगल लेडी चटर्जी झाल्यात त्यात, इंग्रजांच्या घोळक्यात ताठ मानेनं वावरतात, त्या आल्या की मामंजी सावरून बसायचे.

पण सगळ्यात जास्त मजा आली ती पनकोट रायफल्सवरनं. त्यात मेरिक म्हणून एक इंग्रज पोलीस अधिकारी आहे, तो पुढं फौजेत जातो, आणि कादंबरीतली मुख्य रेजिमेंट पनकोट रायफल्स. मामंजींनी पॉज करायला लावलं. "कुठली?" पनकोट, मामा. "अशी रेजिमेंटच नव्हती." मी म्हटलं काल्पनिक आहे, लेखकानं रचलेली. ते त्यांना पटेना, दोन दिवस जुन्या मित्रांना फोन लावून विचारत होते, अरे पनकोट ऐकलंयस काय कुठं. त्यानंतर प्रत्येक भागात बेल्ट, बिल्ला, सॅल्यूट मारताना कोपर किती वर जातंय यावर टिप्पणी. एका सॅल्यूटला मात्र, "हां, हे बरोबर शिकवलंय कुणीतरी."

मग चटकच लागली. वन्संनी पुढच्या वेळी 'रूट्स' आणली, अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची, 1977 साली एबीसी चॅनेलवर लागोपाठ आठ रात्री दाखवलेली. शेवटची डिस्क नेमकी ओरखडलेली निघाली. म्हणून न्यू जर्सीच्या मावसभावानं तिकडचा सेट पाठवला. घातला तर काय, चित्र काळंपांढरं आणि वर वर सरकतंय, जत्रेतला पाळणा जसा. मला वाटलं टीव्ही गेला. पण हा रीजनचा प्रश्न नव्हता, ही दुसरीच हद्द. आपल्याकडं, इंग्लंडात, जर्मनीत पाल पद्धत, 625 रेघा, सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेत आणि जपानात एनटीएससी, 525 रेघा, सेकंदाला जवळपास 30. मूळ कारण विजेचं, आपल्या लाईटची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ, अमेरिकेची 60, जुन्या काळी टीव्ही त्याच ठेक्यावर बसवलेला. (आमच्याकडं लाईट असली तर 50.) म्हणजे बघा, रीजनमध्ये जपान इंग्लंडबरोबर आणि पद्धतीत अमेरिकेबरोबर, सोयरीक एका घरी, जेवण दुसऱ्या घरी.

उपाय रिमोटवरच होता. खालच्या रांगेत एक बटण, त्यावर पी आणि एन अशी दोन अक्षरं, चार वर्षांत कुणी दाबलं नव्हतं. ते दाबलं की प्लेअर आतल्या आत एनटीएससीचं पाल करून देतो. एकदा दाबलं, पडदा काळा झाला, दुसऱ्यांदा दाबलं आणि रंग आले. घरात टाळ्या.

आणि मग हे म्हणाले, "सूर उतरलाय."

म्हणजे काय? आमचे हे शनिवारी देवळात भजनाला पेटी वाजवतात, कान तयार. म्हणाले इंग्लंडच्या डिस्कवर सुरुवातीचं संगीत होतं त्यापेक्षा हे खाली आहे, आणि माणसंही सावकाश बोलतात. मी म्हटलं तुमचं काहीतरीच. पण त्यांनी खरंच पेटी काढून हॉलमध्ये आणली, एका डिस्कवरचा सूर धरला, मग दुसरीवरचा, तर पांढरी एक आणि काळी एक यांच्यामधलं पाऊण अंतर. नंतर वाचलं तेव्हा कळलं, फिल्मवर शूट केलेलं सेकंदाला 24 चित्रांचं असतं, पालमध्ये ते तसंच 25 नं पळवतात, म्हणजे चार टक्के जलद, 50 मिनिटांचा भाग 48 मिनिटांत संपतो आणि आवाज चढतो. अमेरिकेत 24 ची चित्रं दोनदा-तीनदा दाखवून वेग आहे तसा ठेवतात. म्हणजे आम्ही सात डिस्का सगळ्यांना चढ्या पट्टीत ऐकलं होतं! इंग्लंडच्या सिरीयलीत हा घोळ बहुतेक होत नाही, कारण तिथं टीव्हीसाठी मुळातच 25 नं शूट करतात. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासनं हाकेच्या अंतरावर राहतो आपण, तुला एवढं ऐकू आलं नाही होय, असं मला अजून ऐकवतात.

एक इच्छा मात्र फसली. लहानपणी दूरदर्शनवर 'ओल्ड फॉक्स' लागायचं, जर्मन डिटेक्टिव्ह सिरीयल, इंग्लिशमध्ये डब केलेली. निपाणीत आम्हाला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण म्हाताऱ्या इन्स्पेक्टरचा तो शांत चेहरा बघत आम्ही सगळी भावंडं चिडीचूप बसायचो. मूळ नाव 'डेर आल्टे', 1977 पासनं झेडडीएफ या जर्मन चॅनेलवर, तो चेहरा झिगफ्रीड लोवित्झचा. वन्संना सांगून जर्मनीतनं मागवली. रीजन 2, डब्यानं कुलूप विचारलंच नाही. पद्धत पाल, आपलीच. चित्र स्वच्छ, रंग झकास, आणि सगळं जर्मनमध्ये! माझ्या हातात आलेल्या पेटीत इंग्रजी आवाज नाही, खाली अक्षरंसुद्धा नाहीत. दोन्ही हद्दी ओलांडून आत गेले आणि तिसरीच आडवी आली. तरी दोन भाग बघितले. लहानपणीसारखंच, एक अक्षर न कळता.

गेल्या महिन्यात मशीनचा ट्रे उघडेना. दुकानात विचारलं तर "आता कोण बघतंय हो" असं म्हणून मोबाईलचं कव्हर दाखवायला लागले. शेवटी मुलगाच, जो दर दिवाळीला भंगार म्हणतो तोच, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला. आत ट्रे ओढणारा रबरी पट्टा असतो, अंगठीएवढा, तो सैल पडलेला. त्यानं यूट्यूबवर बघितलं की पट्टा दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकला की आवळून येतो, काही दिवस तरी. मी जुनं टोपलं दिलं होतं, पण यानं चहाच्याच भांड्यात उकळला. संध्याकाळी मामंजींनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, "सूनबाई, चहाला टायरचा वास येतोय."

तेवढ्यात हॉलमध्ये ट्रे खट्कन बाहेर आला. मामंजींनी कप उचलला आणि उरलेला चहा घेऊन खुर्ची पुढं ओढली.

"पनकोट लाव."