अहवाल खरा, तुकडा दुसरीकडचा

स्तनाच्या तपासण्या करणारी रेडिओलॉजिस्ट म्हणून बायोप्सीचा अहवाल ‘कर्करोग नाही’ असा आला की मलाही हायसे वाटते. त्या दिवशी मात्र तो वाचून मी अस्वस्थ झाले.

पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाईंना हाताला गाठ लागत नव्हती. नियमित तपासणीसाठी काढलेल्या मॅमोग्राममध्ये, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेमध्ये, डाव्या स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात ऊतींचे धागे एका बिंदूकडे ओढल्यासारखे दिसत होते. मधोमध गाठ अशी नव्हती, नुसती ओढ होती. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणानेही असे दिसते, पण त्यांच्यावर शस्त्रक्रिया कधी झालेली नव्हती. सोनोग्राफीत त्याच भागात अस्पष्ट कडांचा एक काळसर ठिपका सापडला आणि हीच ती जागा, असे मी धरून चालले.

भूल देऊन १४ गेजच्या सुईने ४ तुकडे घेतले. बायोप्सीच्या बंदुकीचा खटका ऐकून रुग्ण दचकतात, म्हणून तो मी आधी एकदा हवेत ऐकवते. फॉर्मॅलिनच्या बाटलीत दोन तुकडे बुडाले आणि दोन तरंगत राहिले. चरबीचा तुकडा तरंगतो हे ठाऊक असूनही बुडालेल्या दोघांवर मी समाधान मानले. तपासलेल्या जागेची खूण म्हणून धातूची बारीक क्लिप आत ठेवली. त्यानंतर लगेच मॅमोग्राम काढून ती कुठे बसली हे पाहायचे असते. पण बाईंना घेरी आली, रक्तदाब उतरला आणि मी तो मॅमोग्राम पुढच्या भेटीवर ढकलला. घेरी तर दहा मिनिटांत गेली होती!

अहवालात ‘फायब्रोसिस्टिक बदल’ असे लिहिले होते. हे निरुपद्रवी बदल असंख्य स्त्रियांमध्ये आढळतात, परंतु मी पाहिलेली ओढ त्यांनी सहसा निर्माण होत नाही. चित्र आणि अहवाल यांचा मेळ बसत नसेल तर निरुपद्रवी अहवालावर थांबता येत नाही. पॅथॉलॉजिस्टना फोन केला. त्यांनी तुकड्यांचे आणखी खोलवरचे काप पाहिले आणि निष्कर्ष कायम ठेवला. मग राहून गेलेला मॅमोग्राम काढला. क्लिप त्या ओढीपासून जवळजवळ दोन सेंटिमीटर दूर होती. मॅमोग्राम उभ्याने, स्तन दाबून काढतात आणि सोनोग्राफी आडवे झोपवून करतात. त्यामुळे एकीकडे दिसलेली जागा दुसरीकडे बरीच सरकलेली असते, आणि मी भलत्याच ठिपक्यात सुई घातली होती.

बाई पेढे देण्याच्या आनंदात नव्हेत, पण निर्धास्त होऊन आल्या होत्या. चूक माझी आहे आणि बायोप्सी पुन्हा करावी लागेल, हे त्यांना समोर बसवून सांगितले. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

या वेळी मॅमोग्राफीच्याच आधाराने, म्हणजे दोन कोनांतल्या चित्रांवरून खोली मोजणाऱ्या स्टीरिओटॅक्टिक पद्धतीने आणि निर्वाताने ऊती ओढून घेणाऱ्या जाड सुईने, नेमके त्या ओढीतून १२ तुकडे घेतले. क्लिप बसवली आणि मॅमोग्राम काढल्याशिवाय त्यांना कपडे बदलायला पाठवले नाही. क्लिप जागेवर होती.

निदान आले ते इन्व्हेझिव्ह लोब्युलर कार्सिनोमाचे. या कर्करोगात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन सहसा नाहीसे झालेले असते. पेशी गोळा होऊन गाठ करण्याऐवजी एकीमागून एक रांगेने ऊतींत शिरतात. हाताला काही लागत नव्हते आणि चित्रात नुसती ओढ दिसत होती, ते यामुळेच.

निदान ऐकल्यावर बाईंनी एकच विचारले, “म्हणजे पहिला अहवाल खोटा होता का?”

“नाही, अहवाल खरा होता,” मी म्हटले. “मी पाठवलेला तुकडा दुसरीकडचा होता.”

त्यांनी मान हलवली आणि शस्त्रक्रियेची तारीख विचारली.