पत्त्यावरून ठरणारी शाळा: क्वीन्सहून न्यू जर्सीच्या उपनगरात येताना

न्यू जर्सीत मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार, हे घराच्या पत्त्यावरून ठरते. शाळा आवडली, अर्ज केला आणि प्रवेश मिळाला, असे इथे सहसा घडत नाही. टाउनशिपच्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे गावाच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, शाळेत घेतलेच पाहिजे, आणि गावात सात-आठ एलिमेंटरी शाळा असतील तर त्यांपैकी कोणती, हे तुमची गल्ली कोणती यावर अवलंबून असते. त्यामुळे न्यू यॉर्क शहरातल्या क्वीन्समधली भाड्याची जागा सोडून मिडलसेक्स काउंटीत जायचे ठरले, तेव्हा घर शोधणे आणि शाळा शोधणे हे एकच काम होऊन बसले. मोठी मुलगी तिसरीत जाणार होती, धाकटा मुलगा किंडरगार्टन संपवत होता. आम्हा दोघांची ऑफिसे मॅनहॅटनमध्येच राहणार असल्यामुळे नॉर्थईस्ट कॉरिडॉरच्या गाडीचे एखादे स्टेशन हाताशी असणे भाग होते. मेट्रोपार्क, एडिसन, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स्टन जंक्शन या स्टेशनांच्या आसपास मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्या प्रत्येक कुटुंबाकडे आपल्याच गावाची शाळा उत्तम असल्याचे ठाम मत आहे.

चांगली शाळा कोणती, हे रिअल्टरला, म्हणजे घरांच्या दलालाला, विचारून उपयोग होत नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे बेकायदा आहे, आणि शाळांविषयीचे मत हे असे वळवणे ठरू शकते, म्हणून जाणते रिअल्टर त्या विषयावर तोंड उघडत नाहीत. आमच्या रिअल्टरबाई स्वतः गुजराती असूनही, ‘इथे आपली मुले किती आहेत?’ या माझ्या प्रश्नाला त्यांनी हसून बगल दिली आणि राज्याच्या शिक्षण खात्याचे अहवाल वाचायला सांगितले. त्या वेळी मला हे रुक्ष वाटले होते. पुढे कळले की तेच सर्वांत उपयोगी उत्तर होते.

घरांच्या जाहिरातीखाली शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते छापलेले असते. हे गुण ग्रेटस्कूल्सचे असतात आणि त्यांत परीक्षेच्या निकालांचा वाटा मोठा असतो. निष या दुसऱ्या संकेतस्थळावर अक्षरी श्रेणी मिळते. मध्य न्यू जर्सीत जिथे निम्मे पालक औषध किंवा सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत आणि मुले संध्याकाळी कुमॉन या खाजगी शिकवणीच्या वर्कशीट सोडवत बसतात, तिथे नऊ गुणांमधले किती शाळेचे आणि किती घरचे, हे त्या आकड्यावरून कळण्याचा मार्ग नाही. त्याहून खोलात जायचे तर राज्य दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट प्रसिद्ध करते, तो वाचावा लागतो. तिसरीपासून आठवीपर्यंत भाषा आणि गणिताच्या ज्या राज्यस्तरीय परीक्षा होतात त्यांचे निकाल त्यात असतातच, पण शिवाय ‘ग्रोथ’ नावाचा एक आकडा असतो: आदल्या परीक्षांत साधारण तेवढेच गुण मिळालेल्या राज्यातल्या इतर मुलांच्या तुलनेत या शाळेची मुले किती पुढे सरकली, हे तो सांगतो, आणि ५० म्हणजे बरोबर मधोमध. गैरहजेरीचे प्रमाण आणि शिक्षकांमागे मुलांची संख्याही तिथेच मिळते. मात्र काही गावांत किंडरगार्टन ते दुसरी एक शाळा आणि तिसरी ते पाचवी दुसरी, अशी विभागणी असते, आणि पहिल्या प्रकारच्या शाळेत या परीक्षाच होत नाहीत. तिथे या आकड्यांचा काही उपयोग नाही.

आम्ही ज्या दोन गावांवर येऊन थांबलो होतो, त्यांपैकी एकातल्या शाळेला जाहिरातीत नऊ गुण होते आणि ग्रोथ जेमतेम पन्नाशीच्या आसपास. दुसरीला सहा गुण होते, तिच्यात इंग्रजी नव्याने शिकणारी मुले बरीच होती, आणि ग्रोथचा आकडा दोन्ही विषयांत पहिलीपेक्षा चांगला होता. तिसरीच्या वर्गात मुलेही कमी होती. घरभाड्यातला फरक तर डोळ्यांत भरण्यासारखा होता. नवऱ्याचे मन नऊ गुणांच्या शाळेत अडकले होते, आणि खरे सांगायचे तर त्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती: ज्या वर्गात बहुतेक मुले वाचनात पुढे असतात तिथे शिक्षिकेला पुढच्या गोष्टी घेता येतात. माझी शंका वेगळी होती. याच भागातल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये २०१५ च्या सुमारास विद्यार्थ्यांवरचा ताण कमी करण्यासाठी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या गेल्या, गृहपाठाशिवायच्या रात्री ठरवल्या गेल्या, आणि त्यावर पालकांत जी दुफळी झाली तीत विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक मोठ्या संख्येने होते. ही वाद घालणारी माणसे म्हणजे आपणच, हे मला चांगले ठाऊक आहे; आठ वर्षांच्या मुलीला त्या शर्यतीत इतक्या लवकर उतरवण्याची मला घाई नव्हती.

शाळा प्रत्यक्ष पाहायला मिळणे वाटले होते तितके सोपे नव्हते. दार बंद असते, घंटी वाजवून कॅमेऱ्यासमोर नाव सांगावे लागते, आणि एका शाळेच्या कार्यालयाने तर ‘गावात राहायला आल्यावर या’ असे सांगून फोन ठेवला. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिकेने भेटीची वेळ दिली आणि स्वतः फिरवले. मी त्यांना विचारले की वाचनात मागे पडलेल्या मुलाचे काय करता. त्या म्हणाल्या, ‘आधी त्याच्या शिक्षिकेशी बोलतो, मग बेसिक स्किल्सच्या शिक्षिका त्याला आठवड्यातून ठरावीक तास वेगळे शिकवतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतो.’ पुढे असलेल्या मुलांविषयी विचारले तेव्हाही त्यांनी असेच तपशिलात सांगितले. आमची शाळा राज्यात अव्वल आहे, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, याने माझे मत बरेचसे बनले.

पण सर्वांत जास्त माहिती मला शाळेबाहेर मिळाली. प्रत्येक डिस्ट्रिक्टचे बोर्ड ऑफ एज्युकेशन असते, त्याच्या सभा कायद्याने जाहीर असतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची चित्रफीत नंतर पाहायला मिळते. वसंत ऋतूत अर्थसंकल्पावरच्या सभा होतात, त्या जरूर पाहाव्यात. शाळांचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून चालतो. २०२४ साली राज्यातले सरासरी वार्षिक बिल दहा हजार डॉलरच्या पुढे गेले, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा शाळांचा असतो. या कराच्या वसुलीत दरवर्षी साधारण दोन टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, आणि २०१८ च्या कायद्याने राज्याच्या अनुदानाची फेरवाटणी सुरू झाल्यावर काही गावांचे अनुदान वर्षागणिक घटत गेले. पैसे कमी पडले की प्रथम कशावर गदा येते, हे त्या सभांत दिसते: संगीताचा शिक्षक, ग्रंथपाल, जवळच्या मुलांसाठीची बस. शिवाय नवी घरे उठली की शाळांच्या हद्दी नव्याने आखाव्या लागतात, आणि ती चर्चाही तिथेच प्रथम कानावर येते. मुलांच्या शाळेचे नाव मी इथे लिहीत नाही याचे एक कारण तेच: आज त्या शाळेत जाणारी गल्ली पुढच्या वर्षी तिथेच असेल याची हमी कोणी देत नाही.

हद्दीची खात्री डिस्ट्रिक्टकडूनच करून घ्यावी. जाहिरातीवर किंवा टपालाच्या पत्त्यावर विसंबू नये. मेटचेनला चारही बाजूंनी एडिसनने वेढलेले आहे, पण त्याची शाळा-व्यवस्था स्वतंत्र आहे. ‘प्रिन्स्टन’ असा पत्ता असलेली कितीतरी घरे प्रत्यक्षात शेजारच्या टाउनशिपमध्ये येतात आणि मुले तिथल्या शाळेत जातात. आम्ही लीजवर सही करण्याआधी घराचा क्रमांक देऊन डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयाला ईमेल केला आणि शाळेचे नाव लेखी मिळवले.

मुलाच्या बाबतीत एक वेगळाच पेच निघाला. न्यू यॉर्क शहरात मूल ज्या कॅलेंडर वर्षात पाच वर्षांचे होते त्याच वर्षी किंडरगार्टनला जाते, म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलेही. न्यू जर्सीत ही तारीख डिस्ट्रिक्ट ठरवते आणि पुष्कळ ठिकाणी ती १ ऑक्टोबर आहे. आमचा मुलगा नोव्हेंबरमधला. त्याच्या जन्मापासून आमचा पत्ता न्यू जर्सीचा असता तर तो आत्ता कुठे किंडरगार्टन सुरू करणार होता, आणि इथे मात्र आम्ही त्याला पहिलीत घाला म्हणत होतो. डिस्ट्रिक्टने त्याचे क्वीन्सचे रिपोर्ट कार्ड मागवले, एका शिक्षिकेने त्याला जवळ बसवून अक्षरे, आकडे आणि थोडे वाचन करून घेतले, आणि पहिली मंजूर झाली. निर्णय मात्र आमच्यावर सोडला होता. इथे मुद्दाम एक वर्ष थांबवणारे पालक आहेत आणि त्यांचा युक्तिवाद असा की वर्गात सर्वांत लहान राहण्यापेक्षा मोठे असणे बरे. माझ्या सासूबाईंना पुण्याहून फोनवर हे ऐकून धक्काच बसला. एक वर्ष ‘फुकट’ घालवण्याची कल्पना त्यांना पटेना. आम्ही त्याला पहिलीतच घातले, कारण जे वर्ष तो आनंदाने करून आला तेच पुन्हा करायला लावण्याचे कारण त्याला समजावून सांगणे आम्हाला जमले नसते.

नोंदणी शाळेत न होता डिस्ट्रिक्टच्या मध्यवर्ती कार्यालयात झाली. लीज, वीज आणि गॅसची बिले, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची नोंद, डॉक्टरांनी भरलेला आरोग्य तपासणीचा फॉर्म आणि जुन्या शाळेचे कागद, एवढे लागले. व्हिसाचे कागद मागितले नाहीत, आणि मागायचेही नसतात. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालानंतर इमिग्रेशनच्या दर्जावरून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही. मुलगी पुण्यात जन्मली म्हणून शाळेच्या नर्सने क्षयरोगाच्या चाचणीचा अहवाल मागितला. भारतात बीसीजी घेतलेल्या मुलांची त्वचेवरची चाचणी त्या लसीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे मागे लागतो. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगून तीच करवून घेतली.

घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न असलेला एक फॉर्मही भरावा लागतो. ‘मराठी’ लिहिले तर मुलाला इंग्रजीच्या जादा वर्गात टाकतात, अशी भीती घालणारे बरेच भेटले. आम्ही मराठीच लिहिले. मुलीचे आधीच्या शाळेतले निकाल पाहून तो विषय तिथेच मिटला, मुलाची छोटी चाचणी झाली, आणि दोघांनाही जादा वर्ग लागला नाही. लागला असता तरी त्यात नुकसान काही नव्हते.

बसचा नियम स्पष्ट आहे: आठवीपर्यंतच्या मुलाचे घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल तर बस देणे डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे, त्याच्या आत असेल तर ती सोय मर्जीवर किंवा पैसे भरून. आमचे घर दोन मैलांच्या आतले निघाले. चालत जाण्यासारखे अंतर आहे, पण साडेतीनला शाळा सुटते तेव्हा आम्ही दोघेही न्यू यॉर्कमध्ये असतो, आणि म्हणून सगळे गाडे आफ्टरकेअरपाशी, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळण्याच्या सोयीपाशी, येऊन अडले. त्याची नोंदणी वसंत ऋतूतच भरून गेली होती. आम्ही जुलैमध्ये आलो, नावे प्रतीक्षायादीत गेली, आणि ऑक्टोबरपर्यंत शेजारच्या नाशिकच्या काकू आमच्या मुलांनाही त्यांच्या नातीबरोबर घरी आणत होत्या. बदल्यात शनिवारी तिन्ही मुलांना मराठी शाळेत नेण्या-आणण्याचे काम आमच्याकडे आले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी राज्यभरातल्या सरकारी शाळा दोन दिवस बंद असतात आणि पालकभेटींच्या आठवड्यात त्या दुपारीच सुटतात, त्या दिवसांची सोय आफ्टरकेअर मिळाल्यावरही वेगळीच करावी लागते. घर पाहायला याल तेव्हा डिस्ट्रिक्टचे वार्षिक वेळापत्रक आणि आफ्टरकेअरच्या नोंदणीची तारीख आधी मागून घ्या. स्वयंपाकघर नंतर पाहिले तरी चालते.