‘समजेल’ हे क्रियापद चालणार नाही

एज्युकेशनल टेक्नॉलॉजी आणि इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या (म्हणजे शिकवण्याची आखणी कशी करायची याच्या) मास्टर्सला अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा मला वाटलं होतं की आता दोन वर्षं नुसती सॉफ्टवेअरं शिकायची, व्हिडिओ, क्विझ, अ‍ॅनिमेशन, एलएमएस (म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायची सिस्टिम) वगैरे. आणि पहिला महिनाभर काय केलं, तर एक वाक्य लिहिलं, शिकणाऱ्याला शेवटी काय यायला हवं ते सांगणारं. तेच वाक्य, परत परत.

विषय होता फायर एक्स्टिंग्विशर, म्हणजे आग विझवायचा सिलिंडर. मी लिहिलं, "शिकणाऱ्याला एक्स्टिंग्विशर कसा वापरायचा ते समजेल." सरांनी ‘समजेल’खाली रेघ मारली आणि विचारलं, समजलं हे तुला दिसणार कशावरून? शिकण्याची उद्दिष्टं कशी लिहायची यावर पुस्तक लिहिणारे रॉबर्ट मॅगर हे १९६२ पासून सांगत होते, की माणूस काय करून दाखवेल, कुठल्या परिस्थितीत आणि किती चांगलं, हे तिन्ही लिहा. शेवटी माझं वाक्य झालं, "विजेच्या पॅनेलला आग लागली असं समजून, समोरच्या चार सिलिंडरांमधून योग्य तो ३० सेकंदांत निवडेल, पिन काढेल आणि नोझल आगीच्या बुडाशी धरेल." हे लिहून झालं आणि माझ्या अर्ध्याहून जास्त स्लाइड आपोआप गळाल्या, कारण एक्स्टिंग्विशरचा शोध कधी लागला याचं पिन काढताना काहीच काम नव्हतं.

मग मॉड्यूल, म्हणजे कॉम्प्युटरवरचा छोटा धडा, बनवलं आणि एका ताईंना टेस्टिंगला बसवलं, त्यांनी एक्स्टिंग्विशर कधी हातातही घेतला नव्हता. प्रत्येक स्लाइडवर चित्र, खाली पूर्ण मजकूर, आणि तोच मजकूर माझ्या आवाजात. त्या भराभर वाचून मोकळ्या व्हायच्या, आवाज अजून पहिल्याच वाक्यात, मग कपाळाला आठी, बोट नेक्स्टवर, परत मागे. पिनच्या चित्राकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही! नंतर विचारलं तर म्हणाल्या, "पिन? कुठे होती पिन?" मला खूप वाईट वाटलं, कारण सगळ्यात जास्त मेहनत त्याच चित्रावर घेतली होती.

शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं रिडंडन्सी प्रिन्सिपल मी पेपरात लिहून मार्कसुद्धा मिळवले होते, म्हणजे चित्र आणि आवाज असताना तेच शब्द परत स्क्रीनवर छापले की बहुतेक वेळा शिकणं सुधारत नाही, उलट बिघडतं, कारण डोळे चित्र आणि अक्षरांमध्ये वाटले जातात. पण ते खरं कळलं त्या आठीमुळे. मजकूर काढला, चित्राला चिकटून तीन छोटी लेबलं ठेवली, बस. (ज्यांना ऐकू येत नाही किंवा भाषा नवीन आहे त्यांच्यासाठी कॅप्शन हवंच, फक्त ते चालू-बंद करता यायला हवं, यावर मी कुणाशीही वाद घालेन.)

वादावरून आठवलं. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये एका लेखात लिहिलं की शिकवायचं माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक, ट्रक बदलला म्हणून पोषण बदलत नाही. दुसरे संशोधक रॉबर्ट कोझमा यांनी नंतर त्याला उत्तर दिलं की माध्यम काय करू देतं हेही बघा. आमच्या वर्गात यावर अख्खी दुपार गेली. मला क्लार्क जास्त पटतात, नवीन अ‍ॅप आलं की शिक्षण बदललं म्हणणाऱ्यांनी तर हा लेख वाचावाच, पण सिम्युलेशनमध्ये चुकीचा सिलिंडर उचलून बघता येतो, छापील पानावर ते कसं करणार?

कुणी हा कोर्स करायचा विचार करत असेल तर टूल्सची यादी बघून ठरवू नका, टूल्स तर बदलत राहतात. खऱ्या शिकणाऱ्यांसमोर किती वेळा बसवतात ते विचारा. आणि मोजतात काय तेही विचारा, ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या सगळीकडे शिकवतात पण बरेच प्रोजेक्ट पहिल्याच पातळीवर, म्हणजे ‘कोर्स आवडला का’वर थांबतात, हे मला अजिबात पटत नाही.

माझ्या थिसिससाठी त्याच ताईंना आणि आणखी काही जणांना सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. मॉड्यूल दाखवणार नाही. टेबलावर चार सिलिंडर ठेवणार आणि घड्याळ लावणार.