तुम्ही विचारलंत म्हणून : त्या गोगलगायीचा उपयोग काय?

मी गोगलगायींवर काम करते. जमिनीवरच्या, त्यातही चुनखडीच्या टेकड्यांवर राहणाऱ्या. एवढं सांगितलं की समोरचा आधी ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणून हसून घेतो आणि पाठोपाठ तो प्रश्न येतो. प्रवासात शेजारी बसलेल्यांनी विचारलाय, बँकेत विचारलाय, दाताच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात यंत्र असताना विचारलाय : ‘पण तिचा उपयोग काय? उद्या ती नसली तर कुणाचं काय अडणार आहे?’

आजवर मी माणूस बघून उत्तर देत आले. घाईत असले की ‘अन्नसाखळी’ एवढा शब्द टाकून सुटायचं. वेळ असला की विमानाचं उदाहरण : पत्रे जोडणारा एक रिव्हेट (खिळा) निखळला तर विमान पडत नाही, दुसरा निखळला तरी पडत नाही, पण कितवा निखळल्यावर पडेल ते कुणी सांगू शकत नाही. लोकांना हे पटतं. मलाच आता पूर्वीइतकं पटत नाही. निसर्गात एकच काम पुष्कळदा चार-पाच जाती करत असतात; त्यांतली एक गेली तर मोजण्यासारखं काही घडतंच असं नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर एक चिमुकलं वटवाघूळ होतं. ते घटतंय असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते. उरलेली पकडून पैदास करायची परवानगी मिळाली तेव्हा फार उशीर झाला होता. २६ ऑगस्ट २००९ च्या रात्री यंत्रावर त्याची हाक शेवटची टिपली गेली आणि २०१७ साली ते नामशेष म्हणून जाहीर झालं. त्यामुळे कुणाचं पीक बुडालं, कुणाची विहीर आटली, असं मी तरी ऐकलेलं नाही.

तेव्हा पहिलं उत्तर हे घ्या : बऱ्याचदा काहीही अडत नाही. हे ऐकून ‘बघा, मी म्हणालोच होतो’ असं तुमच्या तोंडावर आलं असेल, तर जरा थांबा.

आग्नेय आशियातल्या एका टेकडीची गोष्ट सांगते. देश, कंपनी, खातं यांपैकी कशाचंही नाव घेणार नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. गोगलगायीला शंख बांधायला कॅल्शियम लागतं आणि चुनखडीत ते हवं तेवढं. दोन टेकड्यांच्या मधली माती मात्र आम्लधर्मी, तिथे तिचा निभाव लागत नाही. त्यामुळे प्रत्येक टेकडी म्हणजे गोगलगायींसाठी एक बेटच होऊन बसतं आणि लाखो वर्षांत त्या त्या बेटाची जात वेगळी होते. आमची गोगलगाय त्या एकाच टेकडीवर सापडायची. लांबी तीन मिलिमीटर. ओल्या कड्यावरचा शेवाळाचा पातळ थर खाऊन राहणारी. तिला शोधायची पद्धत सांगितली तर हसाल : कड्याच्या पायथ्याची माती बादलीभर पाण्यात टाकायची आणि ढवळायची, की रिकामे शंख वर तरंगतात. मेलेल्या शेकड्यांनी मिळतात. जिवंत एखादी बघायची तर कड्याला नाक लावून, भिंग घेऊन उभं राहायचं.

चुनखडीपासून सिमेंट होतं. टेकडी खाणीसाठी मागितली गेली आणि आक्षेपांची सुनावणी लागली. मी तज्ज्ञ म्हणून गेले होते. खोलीत बरेच लोक होते, अधिकारी होते, कंपनीचे सल्लागार होते, टेकडीखालच्या वस्तीतले काही जण होते. माझं सादरीकरण झालं आणि अध्यक्षांनी अगदी सौम्यपणे विचारलं, ‘हिचा उपयोग काय?’

मी तयारीनं गेले होते. ऑस्ट्रेलियातल्या जठरात पिल्लं वाढवणाऱ्या बेडकाची हकीकत सांगितली. मादी फलित अंडी गिळायची, जठरातलं आम्ल बंद व्हायचं, पिल्लं तिथेच वाढून तोंडावाटे बाहेर पडायची. आम्ल बंद कसं होतं हे कळलं असतं तर जठराच्या व्रणांवर काही सुचलं असतं म्हणून अभ्यास सुरू झाला होता. अभ्यास चालू असतानाच १९८० च्या दशकात त्या बेडकाच्या दोन्ही जाती संपल्या. मग गिला मॉन्स्टर या विषारी पालीच्या लाळेतल्या रेणूवरून मधुमेहाचं औषध कसं आलं, तेही सांगितलं. या गोगलगायीच्या चिकट स्रावात काय आहे ते अजून कुणी तपासलेलंच नाही, असं म्हणून मी थांबले. मुद्दा बिनतोड होता असं मला वाटत होतं.

कंपनीच्या सल्लागारांनी कौतुकानं मान डोलावली. म्हणाले, ‘मॅडमचं बरोबर आहे. मग नमुने घेऊन ठेवूया. जिवंत मिळतील त्या गोळा करू, ऊती उणे ऐंशी अंशांत गोठवू, जनुकसंच वाचून घेऊ. खर्च कंपनीचा. औषधी उपयोग असलाच तर त्याचा अभ्यास या साहित्यावर होऊ शकेल ना?’

होऊ शकेल. हे खरंच होतं. मी ‘हो, पण...’ म्हणाले. इतिवृत्तात ‘हो’ आलं. ‘जातीचे संभाव्य मूल्य सुरक्षित ठेवण्यात आले आहे’ असं वाक्य मी पुढे वाचलं आणि ते शब्दशः माझ्याच युक्तिवादातून निघालं होतं. तिचं मोल औषधात आहे, असं मीच म्हटलं होतं. औषध फ्रीजरमध्ये गेलं. मग टेकडी कशाला हवी?

सगळ्यात जास्त लागलं ते मात्र वेगळंच. सुनावणीच्या शेवटी वस्तीतला एक माणूस उठला. तावातावानं नाही, जरा संकोचानंच म्हणाला, ‘बाई, तुमच्या गोगलगायीसाठी इतक्या लांबून लोक आले. पावसात आमचा रस्ता बंद होतो, तेव्हा कुणी येत नाही. खाण आली की रस्ता होणार आहे.’ त्याला द्यायला माझ्याकडे बेडूक नव्हता नि पालही नव्हती. आजही नाही.

मित्र म्हणतात, तू उपयोगाच्या खेळात उतरायलाच नको होतंस. म्हणजे काय बोलायला हवं होतं? प्रत्येक जिवाला स्वतःचं मोल असतं, हे? १९९२ च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराच्या प्रस्तावनेत ते मोल अगदी आरंभी मान्य केलेलं आहे. विशीतली मी ते वाक्य आवाज चढवून म्हणायचे. त्या मुलीशी माझं अजून भांडण चालतं. तिला वाटायचं, तत्त्व एकदा कागदावर आलं की काम झालं. याच कराराखाली २०१० साली ठरलेल्या २० उद्दिष्टांपैकी २०२० पर्यंत एकही पूर्णपणे गाठलं गेलं नाही. त्यानंतर २०२२ मध्ये २३ नवी लक्ष्यं आली, २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचं त्यात आहे. ती मुलगी मला म्हणते, तू निबर झालीस. मी म्हणते, तू कधी सुनावणीला बसलेली नाहीस.

पण तिचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. उपयोग असला म्हणजे जीव वाचतो, हे तरी कुठे खरं आहे? कॅनडाच्या पूर्वेकडल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाइतका उपयोगी जीव शोधून सापडणार नाही. किती पकडायचा याची गणितं होती, कोटे होते, शास्त्रज्ञ होते. उरलेला मासा एकवटून राहायचा, त्यामुळे मोठ्या ट्रॉलरना शेवटपर्यंत भरघोस मिळत राहिला आणि हिशोबात साठा फुगलेला दिसला. किनाऱ्यालगतचे मच्छीमार सांगत होते की मासा कमी झालाय, लहान झालाय. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. मासा पूर्वीसारखा परतलेला नाही. कॉलिन क्लार्क या कॅनडाच्या गणितज्ञानं १९७३ सालीच दाखवून दिलं होतं की जो प्राणी बँकेतल्या पैशापेक्षा हळू वाढतो, उदाहरणार्थ निळा देवमासा, त्याचा मालक फक्त नफा बघत असेल तर सगळे मारून पैसे बँकेत ठेवणंच त्याला परवडतं. यात कुणी वेडा नाही की दुष्ट नाही. हिशोब बरोबर आहे, म्हणून तर तो वाचून मला झोप आली नव्हती.

मग मी काय सांगू? ‘उपयोग काय’ असं विचारता तेव्हा तुम्ही ‘मला उपयोग काय’ असं विचारत असता, एवढं मला कळतं. ते विचारायचा हक्क त्या रस्त्यावाल्या माणसाला आहे असंही वाटतं. तुम्हाला मला तो कितपत आहे, याबद्दल शंका आहे. आपल्या घरचा रस्ता चालू आहे आणि तिथलं सिमेंट आपल्याकडेही आलं असेल. हे जरा टोचून बोलले. असू दे.

त्या गोगलगायीची सध्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष’ अशी आहे. शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरत नाही, तेव्हाच पुरतं नामशेष म्हणता येतं. आणि खाणीत जाऊन शोधायची परवानगी मिळत नाही, म्हणून शंका शिल्लक आहे.

पुढची सुनावणी दुसऱ्या टेकडीची आहे. तिथल्या गुहेत फुलांतला मध पिणारी वटवाघळं राहतात आणि ड्युरियन या फळझाडाच्या फुलांचं परागीभवन त्यांच्यावर अवलंबून असतं. मी बागायतदारांची पत्रं मिळवली आहेत आणि फाइलच्या पहिल्याच पानापासून वटवाघळं घेतली आहेत. गोगलगायी परिशिष्टात टाकल्या आहेत.