आरपीजी, गोलमुड आणि माझा नेम

परवा रात्री बॅटलफिल्ड फोर या व्हिडिओ गेममध्ये गोलमुड रेल्वे मॅपवर एका टँकला आरपीजीने (खांद्यावरून मारायचा रॉकेट लाँचर) चार रॉकेटं मारली आणि चारही त्याच्या मागच्या धुळीत. टँकवाल्याला बहुतेक कळलंही नसेल. गेम २०१३ चा आहे, मी एवढी वर्षं इंजिनिअर (टँक उडवणारा आणि रिपेअर करणारा सैनिक) खेळतोय आणि तरी ही अवस्था, म्हणून दादाला शेजारी बसवलं. तो थोडा वेळ बघत राहिला अन् म्हणाला, "तू टँकवर नेम धरतोयस, पण तो काय तुझ्यासाठी तिथे थांबणारे का?"

आता हे मला माहिती नव्हतं असं नाही. आरपीजीचं रॉकेट हळू जातं, जाता जाता खाली येतं, लहानपणी कैऱ्या पाडताना दगड जरा वर मारायला हवा हे हाताला आपोआप कळायचं, पण माऊस हातात आला की माझं क्रॉसहेअर (नेमाची खूण) टँकच्या मधोमध. (खऱ्या आरपीजीत तर रॉकेट आडव्या वाऱ्याकडे वळतं म्हणतात, नशीब गेममध्ये वारा नाही.)

खरी गोची वेगळीच निघाली. रॉकेट सुटलं रे सुटलं की मी रिलोड करत आडोशाला पळायचो, म्हणजे ते नक्की कुठे पडलं, मागे की खाली, हे मी कधी बघितलंच नव्हतं! मग टेस्ट रेंजमध्ये एका जागी उभा राहून फक्त मारत बसलो, स्फोट होईपर्यंत नजर हलवायची नाही. तासाभरात डोळ्यांना अंदाज यायला लागला, आता पहिलं चुकलं तरी दुसरं तेवढंच पुढे सरकवून मारतो.

एमबीटी लॉ हा दुसरा लाँचर घे, त्याचं रॉकेट टार्गेटजवळ गेलं की स्वतःच वळतं, असं मित्र सांगतात. पण डॅमेज कमी, आणि मजा पण. जॅव्हलिन या आणखी एका लाँचरने टँकवर लॉक केलं की टँकवाल्याला आधीच बीप ऐकू येतो, आरपीजीचं तसं काही नाही, लागल्यावरच कळतं.

काल एका घरामागे बसून राहिलो, टँक वळायला हळू झाला आणि पाठ दिसली तेव्हाच मारलं, मागून लागलं की डॅमेज जबरी असतो. दुसरं रॉकेट भरतोय तोवर टँकमधून उतरलेल्या इंजिनिअरने मला गोळ्या घातल्या आणि टँक निवांत रिपेअर करत बसला. दादा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता.