सव्वापाच इंची

मामांचा छापखाना बंद होऊन कैक वर्षं झाली. परवा माळा झाडताना तिथला पीसी-एक्सटी, म्हणजे जुन्या पिढीतला संगणक, खाली आला. भंगारात घालण्याआधी एकदा चालू करून बघू म्हटलं, तर खर्र खर्र करत पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. ड्राइव्हमध्ये डॉसची, म्हणजे यंत्र चालू करणाऱ्या प्रणालीची, फ्लॉपी तशीच राहिली होती. आता ही एकुलती एक. ती गेली की यंत्र गेलं. म्हणून तिची नक्कल काढून ठेवावी, एवढाच विचार. त्याला एक कोरी फ्लॉपी लागते, सव्वापाच इंची.

एक फ्लॉपी मिळवण्यात माझे तीन रविवार गेले.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत भंगारवाल्यानं साडेतीन इंची काढून दिल्या. "त्याच की वो ह्या, जरा बारक्या." उद्यमनगरात मात्र आशा होती. तिथल्या कारखान्यांत जुन्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, मशिनी असतात आणि त्यांचे प्रोग्रॅम फ्लॉपीवरून चढायचे. एका शेडमध्ये मालकांनी आधी चहा पाजला, मग सांगितलं, "आमच्यात सगळ्या साडेतीन इंची हुत्या. आता त्या जागी पेन ड्राइव्हचं डबडं बसवलंय." तरी उठताना कपाटातून दहाचा खोका काढून हातावर ठेवलाच. सव्वापाच इंची! सील न फोडलेला! पैसे घेईनात. घरी येऊन बघतो तर सगळ्या एचडी, म्हणजे जास्त माल मावणाऱ्या, १.२ एमबीच्या. मामांचा ड्राइव्ह ३६० केबीवाला. एचडीचा लेप वेगळा, त्यावर लिहायला जोर जास्त लागतो आणि तो ड्राइव्हच्या या म्हाताऱ्या हेडात, म्हणजे चकतीवर लिहिणाऱ्या डोक्यात, नाही. दिसायला जुळी भावंडं, पण एकमेकांच्या कामाची नाहीत.

जुन्या सायबर कॅफेवाल्यानं दिलेल्या तीन बरोब्बर ३६० केबीच्या होत्या. मधल्या भोकात बोट घालून चकती फिरवली आणि पाकिटाच्या खिडकीतून उजेडात बघितली, तर करडे गोल डाग. बुरशी. आपल्याकडचा पाऊस चपला सोडत नाही, लोणचं सोडत नाही, तो फ्लॉपीला काय सोडणार! आणि अशी एक जरी आत घातली तर घाण हेडाला चिकटते, मग मागून येणारी चांगलीही खरवडून निघते.

खरं तर तक्रार करायला मला तोंड नाही. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीचे दिवस, सकाळी सूर्यग्रहण. आम्ही सहा-सात पोरं गच्चीवर. मामांनी टेबलावरच्या फ्लॉप्या उचलल्या, काळी पाकिटं कात्रीनं कडेनं कापली आणि आतली तपकिरी, पातळ, गुळगुळीत चकती एकेकाच्या हातात दिली. दोन चकत्या एकावर एक धरायच्या आणि बघायचं. सूर्य लालसर, कोपरा खाल्लेल्या भाकरीसारखा. खाली आजी ओरडत होती, गिराणात गच्चीवर जाऊ नगा म्हणून. असं बघणं डोळ्यांना घातक असतं हे पुढे कळलं. आमचे डोळे वाचले ते नशिबानं. चकत्यांवरचं बोटांचं तेल आणि फराळाचं तूप मला अजून दिसतं. डझनभर तरी फ्लॉप्या फाडल्या असतील त्या सकाळी. आज मी गावभर हिंडतोय ती एका फ्लॉपीसाठी.

शेवटी फ्लॉप्या मामींकडंच निघाल्या. शिवणाच्या मशिनीखाली पेढ्यांचा खोका, रबर लावलेला, आत आठ फ्लॉप्या, कागदी पाकिटांसकट. लेबलांवर मामांचं पेन्सिलीतलं अक्षर. चिकटवलेल्या लेबलावर बॉलपेन चालवलं की आतली चकती दबते, म्हणून पेन्सिल. ती शिस्त मला अजून आहे, वाणसामानाची यादीही मी पेन्सिलीनंच लिहितो.

पहिली घातली. डीआयआर मारलं, म्हणजे आतल्या फायलींची यादी मागितली. पाटील-१, पाटील-२, पाटील-फा. नावाला आठच अक्षरं म्हणून 'फायनल' तेवढ्यावर थांबलेलं. सगळ्या लग्नपत्रिका. उघडल्या तर नुसती चिन्हंचिन्हं, त्यांचा फाँट कधीच गेला. आणि प्रत्येकीपुढे तारीख एकच: १ जानेवारी १९८०. यंत्र चालू केलं की तारीख विचारायचं, मामा तसेच एन्टर मारून पुढे जायचे. त्यामुळे पाटील, शिंदे, माने, सगळ्यांची लग्नं एकाच दिवशी लागलेली.

आता नक्कल काढायची म्हणजे यातली एक पुसायची.

"मामी, हे पाटील कोण?"

"कुठलं? गंगावेशीतलं?" मामी लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "त्येंच्याकडनं चारशे यायचंत अजून."

ती बाजूला ठेवलीय. माने पुसले.