चौकोनी दिवाळी

बाबा होते तोवर, भाऊबीजेला आत्याला काय द्यायचं हा प्रश्न आमच्या घरात पडला नाही. ते पाकीट द्यायचे, आत्या "कशाला रे एवढे" म्हणायची आणि पाकीट पर्समध्ये जायचं. बाबा गेल्यावर ओवाळून घ्यायला मी जाऊ लागलो. भाच्याच्या हातून पाकीट घेताना ती अवघडते, हे पहिल्याच वर्षी कळलं. साडी नेली तर "आता नेसून कुठे मिरवू?" सुक्यामेव्याच्या डब्याचं तर बोलायलाच नको. तो आमच्या नात्यात पाहुण्यासारखा घरोघर राहून येतो.

म्हणून यंदा ठरवलं, फोटो द्यायचे. जुने सगळे फोटो गोळा करायचे, डिजिटल करायचे आणि दहा इंची फोटो-फ्रेममध्ये भरून द्यायचे. दर दहा सेकंदांनी नवा फोटो. आत्याने नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये चहा पीत बसावं आणि समोर दहीपुलाजवळचा वाडा दिसावा, अशी एकूण कल्पना.

कल्पना करायला काही लागत नाही. फोटो मात्र ट्रंकेत होते आणि ट्रंक २००८ च्या पुरात भिजली होती. आम्ही नाशिककर पूर मोजतो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. कमरेला पाणी लागलं तर बघायला जायचं, छातीला लागलं तर सामान वर चढवायचं. त्या सप्टेंबरात आमचा अंदाज चुकला. धान्य, गाद्या, देव सगळं माडीवर गेलं, फोटोंची ट्रंक कोणाला आठवली नाही. भिजून वाळलेले फोटो एकमेकांना असे चिकटले होते की ओढले तर चेहराच निघून यावा. असे फोटो कोरडे ओढायचे नसतात, स्वच्छ पाण्यात पुन्हा भिजवून हळूहळू सुटू द्यायचे असतात. हे कळेपर्यंत आजोबांची अर्धी मिशी आजीच्या पदराला गेली होती.

पण बाबांच्या निगेटिव्हज् वाचल्या होत्या. त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटावर. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये १२ फोटो, तेही चौरस. माझ्या फोनमध्ये आज चौदा हजार फोटो आहेत, त्यातले तीनेकशे जेवणाचे. बाबांचा एक रोल गणपतीपासून संक्रांतीपर्यंत पुरायचा. बटण दाबण्याआधी ते इतका वेळ घ्यायचे, की त्या काळच्या प्रत्येक फोटोत निदान एक मूल तरी कंटाळलेलं आहे.

निगेटिव्ह टॅबलेटच्या पांढऱ्या पडद्यावर थोडी उचलून धरायची, वरून फोनने टिपायची आणि मग काळ्याचं पांढरं करायचं. पडद्याला टेकवली तर त्याचे बारीक ठिपके फोटोत उतरतात, म्हणून मध्ये काच. पुण्याच्या चुलतबहिणीने तिच्याकडचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, ते तिळाएवढे होऊन आले. "डॉक्युमेंट म्हणून पाठव गं" हे वाक्य मी त्या महिन्यात निदान वीसदा बोललो असेन.

खरी कसोटी निवडीची. वाटणीवरून आमच्याशी अबोला धरलेले काका प्रत्येक चांगल्या फोटोत नेमके मध्यभागी, आणि हसतमुख. त्यांना वगळावं तर आत्याच्या लग्नाचा एकही फोटो उरेना. ठेवले. शेवटी ६२ फोटो झाले. सालवार लावले तेव्हा फाळक्यांची आठवण झाली. आमच्या त्र्यंबकचेच ते. पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. माझ्या फ्रेममध्ये आत्या तशीच दहा मिनिटांत फ्रॉकमधून साडीत, साडीतून चष्म्यात गेली.

एक अडचण राहिली. फ्रेम आडवी आणि फोटो चौरस, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायला लागल्या. ऐन दिवाळीत माणसं वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणासारखी दिसायला लागली. सेटिंगमध्ये 'फिट'ऐवजी 'फिल' केलं. पडदा काठोकाठ भरला. वरखालचं जरा कापलं गेलं, पण चेहरे होते. चेहरे असले की झालं, असं मला वाटलं.

भाऊबीजेला आत्याने ओवाळलं, मी फ्रेम चालू केली. तिने चष्मा पुसला. आजी आली, आजोबा आले, रामकुंडावरची सहल आली. आत्या "अगं बाई" म्हणत राहिली. मी मनात आहेराचे गुण मोजत होतो. मग १९७४ च्या दिवाळीचा फोटो आला. वाड्याच्या दारात धाकटा काका, दोन चुलतभाऊ आणि चार वर्षांचा मी, सगळे नव्या कपड्यांत, कमरेपर्यंत.

"रांगोळी कुठंय?" आत्या म्हणाली.

"कसली रांगोळी?"

"अरे, फोटो रांगोळीचाच आहे! तुम्ही पोरं नुसती मागे उभी केली होती. दादा म्हणाला, एक फोटो जातोय तर माणसंही येऊ देत."

बारातला एक फोटो बाबांनी बहिणीच्या रांगोळीवर खर्च केला होता आणि मी तीच कापून, मागच्या पोरांचे चेहरे मोठे करून, तिला भेट म्हणून आणले होते. नातवाने रिमोट घेतला, पुन्हा 'फिट' केलं. काळ्या पट्ट्या आल्या आणि खाली अख्खं अंगण उघडलं. गेरूचा करडा चौकोन, त्यावर पांढऱ्या रेघा. चेहरे आता वाटाण्याएवढे झाले होते. मी तर ओळखूही येत नव्हतो.

आत्याने नातवाला तो फोटो थांबवायला लावला. पंधरा ठिपके, पंधरा ओळी. पहाटे चारला उठून काढलेली. ठिपक्यांसाठी वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडून कागद केला होता, तो पुढे तीन वर्षं टिकला. मग ती रंग सांगू लागली. काळ्यापांढऱ्या पडद्यावर बोट ठेवत, हे गुलाबी, हे पोपटी, इथे जांभळा संपला म्हणून पोह्यांना हळद लावतात तशी रांगोळीला लावून पिवळी केली. सून स्वयंपाकघरातून येऊन मागे उभी राहिली. ताटातली करंजी तशीच होती.

बाकीचे चाळीस-एक फोटो त्या दिवशी कोणी पाहिले नाहीत.

"आणि ही पणती दिसतेय का?" आत्याने पडद्याच्या अगदी कोपऱ्यात बोट टेकवलं. "तिथे दोन ठिपके चुकले होते. आईच्या लक्षात आलं. काही बोलली नाही, पणती आणून वर ठेवली. दादाला शेवटपर्यंत कळलं नाही."